सतरा की सात

मिस्त्री : गैरहजर? अहो ताई, गैरहजर म्हणजे जो आलाच नाही तो. मी काल संध्याकाळी तुमच्या या दारात उभा होतो. बंद दारात! वॉचमनला विचारा, त्यानेच मला हाकललं.

ताई : आवाज खाली, मिस्त्री. आत भेटी चालू आहेत. लहान मुलं आहेत.

मिस्त्री : माझी बिट्टीही लहानच आहे. आठ वर्षांची. आणि तिला भेटायला मला कोर्टाने हे केंद्र नेमून दिलंय, मी काही हौसेने येत नाही इथे.

ताई : मला तुमच्याशी भांडायचं नाहीये. मी चार दिवस रजेवर होते, आज सकाळी येऊन कॉम्प्युटर उघडला तर तुमच्या नावापुढे गैरहजर. मुलगी आणि तिची आई वेळेवर आल्या, अर्धा तास बसल्या, गेल्या. तुम्ही आला नाहीत. मला एवढंच दिसतंय.

मिस्त्री : आलो की! सातची वेळ, पावणेसातला हजर. पाव तास आधी. माझ्या हातांना ग्रीसचा वास येतो म्हणते ती, म्हणून साबण लावून लावून कातडं सोलायचं बाकी ठेवलं होतं.

ताई : वेळ पाचची होती.

मिस्त्री : सातची.

ताई : पाचची. सहाला तर केंद्र बंद होतं, सातची वेळ देणार कोण? थांबा, स्क्रीनच फिरवते तुमच्याकडे. वाचा. काय लिहिलंय?

मिस्त्री : पाच.

ताई : झालं तर मग.

मिस्त्री : काय झालं? तुमच्या डब्यात पाच लिहिलंय म्हणून माझ्या कानात पाच पडलं का? माझी भेट दर वेळी शनिवारी दुपारी असते. या वेळी तुम्ही खोल्यांचं रंगकाम काढलंत आणि भेट गुरुवारवर ढकललीत. सोमवारी फोन आला. बाईमाणसाचा आवाज. म्हणाल्या, संध्याकाळी सात. मला काय माहीत तुम्ही कुठल्या दिवशी किती वाजता कुलूप घालता? मला वाटलं, कामावर जाणाऱ्यांची सोय केली असेल. चांगलं वाटलं मला, सांगतो तुम्हाला. मनात म्हटलं, चला, कुणाला तरी अक्कल आली.

ताई : असं रोज कुणीतरी म्हणतं हो. फोनवर वेगळं सांगितलं, मला नीट ऐकू आलं नाही, बायकोने निरोप दिला नाही. मी कुणाकुणाचं खरं मानू?

मिस्त्री : माझं मानू नका. तुमच्याच माणसाचं माना. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लोक फोनवर सांगतात, जरा कुरकुर येतेय, सावकाश या. जाऊन बघावं तर दोर तुटायला आलेला. आणि वर म्हणतात, आम्ही तर सांगितलं होतं! तेव्हापासून मी प्रत्येक फोन साठवून ठेवतो. हा घ्या सोमवारचा. ऐका.

(फोनमधला आवाज : “…भेटकेंद्रातून बोलतेय. तुमची भेट गुरुवारी आहे, संध्याकाळी सात वाजता. उशीर करू नका हं, मुलं ताटकळतात.”)

ताई : परत लावा.

मिस्त्री : दहादा लावतो. काल रात्रभर तेच करत होतो.

ताई : नको. राहू दे. या आमच्या बदलीच्या बाई. मी रजेवर गेले की त्यांना बसवतात.

मिस्त्री : मग? आता बोला.

ताई : पण त्या असं का सांगतील? साध्या, सरळ बाई आहेत. मुद्दाम कुणाचं वाईट करणाऱ्यातल्या नाहीत. सकाळच्याच पाळीला असतात, दुपारी जातात, त्यामुळे सहाला बंद होतं हे त्यांच्या लक्षात नसेल, ते समजू शकते. पण पाचाचे सात कसे झाले? भेट त्यांनीच टाकलीय. नोंदीत पाचच आहे, मुलीची आईही पाचलाच आली. थांबा. त्यांच्या नावाने उघडून बघते.

मिस्त्री : त्यांच्या नावाने म्हणजे?

ताई : कॉम्प्युटर एकच, पण माणसं तीन. मी, साहेब आणि बदली बाई. ज्याने त्याने आपलं नाव घालून उघडायचं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा.

मिस्त्री : आणि बाईंचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक?

ताई : कीबोर्डच्या पोटाला चिकटवून ठेवलाय त्यांनी. हसू नका. हां, उघडलं. गुरुवार… तुमचं नाव… अगंबाई.

मिस्त्री : काय?

ताई : हे बघा.

मिस्त्री : सतरा शून्य शून्य. हे काय आहे? सतरा कसले?

ताई : सतरा वाजले. म्हणजे पाच. दुपारच्या बारानंतर तेरा, चौदा असं मोजत जायचं. माझ्या नावाने उघडलं की संध्याकाळचे पाच दिसतात, त्यांच्या नावाने उघडलं की सतरा.

मिस्त्री : आणि बाईंनी सतराचे सात केले.

ताई : भेट टाकताना त्यांनी संध्याकाळचे पाच बरोबर टाकले असतील. नंतर फोन करताना वाचलं सतरा. आणि पुढचा एक गिळला.

मिस्त्री : एक गिळला! ताई, माझी पोरगी गिळली त्या एकात!

ताई : मिस्त्री, आवाज…

मिस्त्री : नाही करणार खाली. एकदा केला, आता नाही. एकच यंत्र, एकच भेट, आणि कोण बघतंय त्यावर वेळ ठरणार? उद्या मी लिफ्ट अशी लावून दिली तर चालेल तुम्हाला? बटण चौथ्या मजल्याचं. तुम्ही दाबलं तर चौथा, साहेबांनी दाबलं तर गच्ची आणि बदली बाईंनी दाबलं की तळघर! मला तुरुंगात टाकाल. आणि तुमच्याकडे काय होतं? माझ्याच नावापुढे गैरहजर!

ताई : ज्याच्या त्याच्या आवडीचं असतं हो ते. कुणाला अक्षर मोठं लागतं, कुणाला मागे फुलांचं चित्र. घड्याळही तसंच. बाईंचं नाव नवीन टाकलं तेव्हा कॉम्प्युटरने आपल्या मनाने त्यांना चोवीस तासांचं दिलं. कुणी बघितलंच नाही.

मिस्त्री : फुलांचं चित्र ठेवा ना, माकडाचं ठेवा! वेळ कुणाच्या आवडीची असते का?

ताई : नसते. बसा तुम्ही. पाणी घ्या. बिट्टीची आई आली वाटतं.

तिची आई : आले. तू इथे काय करतोयस? काल यायला जमलं नाही, आज उजाडताच हजर?

मिस्त्री : ऐक आधी.

तिची आई : दोन वर्षं ऐकतेय. ताई, मला सही करायला बोलावलंय. तीन गैरहजेऱ्या झाल्या की भेटी थांबतात, असं साहेब फोनवर म्हणाले. कुठे करायची सही? मला दुकान उघडायचंय.

ताई : दोन मिनिटं थांबाल का? कालची गैरहजेरी जरा… त्यात घोळ आहे.

तिची आई : घोळ कसला? मी बसले होते ना इथे. पोरगी बसली होती. खेळण्यांच्या कपाटातून पत्ते काढले तिने. दोघांचे वाटले. तुझे पालथे ठेवले समोर आणि मला हात लावू देईना. बाबाचा डाव आहे म्हणे. शिपाई आवरायला आला तर त्याच्यावर ओरडली.

मिस्त्री : मी आलो होतो गं.

तिची आई : कधी? मध्यरात्री?

मिस्त्री : सातला. मला सातची वेळ दिली होती. ताई, सांगा तुम्ही. माझं तिला खरं वाटायचं नाही.

ताई : खरं आहे ते. आमच्या बदली बाईंनी फोनवर सात सांगितलं. त्यांच्या स्क्रीनवर सतरा दिसत होते.

तिची आई : ऐकव.

मिस्त्री : काय?

तिची आई : तू फोन साठवतोस, मला माहीत नाही का? आपल्या भांडणांचेही साठवले असशील. ऐकव.

मिस्त्री : हे घे. कानाला लाव. तूच ऐक.

ताई : तुम्हाला मात्र त्यांनी पाचच सांगितलं होतं ना?

तिची आई : मला त्यांनी काही सांगितलंच नाही, मीच त्यांना सांगितलं. शाळा चारला सुटते, मला पाचची द्या म्हटलं. त्या बरं म्हणाल्या. घे तुझा फोन.

मिस्त्री : ऐकलंस?

तिची आई : ऐकलं. ताई, मी चष्म्याच्या दुकानात काम करते. सकाळपासून लोकांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावते. एकदा पाठवा तुमच्या बाईंना. फुकट तपासून देते.

ताई : त्यांच्या डोळ्यांचा दोष नाहीये.

तिची आई : मग कुणाचा आहे ते सांगा. कारण काल मी माझ्या पोरीला इथून ओढत नेलंय. अक्षरशः ओढत. हाताला वळ उठलेत तिच्या.

मिस्त्री : तू मारलंस तिला?

तिची आई : ओढलं म्हटलं, मारलं नाही. आणि तू एक शब्द बोलू नकोस. पहिल्या वेळी तू आला नाहीस, कुणाच्या तरी लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. ठीक आहे, माणसं अडकतात. दुसऱ्या वेळी?

मिस्त्री : विसरलो.

तिची आई : विसरलास.

मिस्त्री : दुसऱ्या वेळी विसरलो. ते माझ्या पदरात घालायचं तर घाल, मी नाही म्हणत नाही. पण कालचं माझं नाही.

तिची आई : मला कळतंय ते.

मिस्त्री : मग कर सही. दिसतंय मला, पेन हातातच आहे तुझ्या. तुझ्या मनासारखं झालं. नव्या शहरातलं दुकान, बढती, पोरगी बरोबर, आणि मागून कटकट करणारं कुणी नाही.

ताई : कुठलं नवं शहर?

तिची आई : मालकांनी तिथे दुसरं दुकान काढलंय. पूर्ण माझ्या हाताखाली देताहेत. पहिल्या तारखेला हजर व्हायचंय. याच्या भेटी चालू असल्या तर पोरीला घेऊन जायला कोर्टाची परवानगी लागते. थांबल्या तर लागत नाही. म्हणून मी आज सकाळी उठून, डबा करून, दोन बस बदलून सही करायला आलेय. लपवण्यासारखं काही नाही त्यात.

मिस्त्री : तेच म्हणतोय मी. कर.

तिची आई : माझ्या मनासारखं झालं म्हणालास ना? ऐक. मला तुझ्याशी भांडून हे मिळवायचं होतं. समोरासमोर. तू दोनदा आला नाहीस, तू फी भरताना तोंड वाकडं करतोस, तू तिच्या आजारपणात दोन दिवस फोन उचलला नाहीस, हे सगळं मला जजबाईंपुढे म्हणायचं होतं आणि तुला मान खाली घालायला लावायची होती. आणि आता मला काय मिळतंय? एका डबड्याने एक आकडा जास्त दाखवला म्हणून मी जिंकले. मी काय सोडत काढायला आलेय?

मिस्त्री : मग नको करूस.

तिची आई : नाहीच करत. पण तुझ्यासाठी नाही, हे कान उघडून ऐक.

मिस्त्री : बरं.

तिची आई : ताई, ती गैरहजेरी काढा.

ताई : मला काढता येत नाही. ते फक्त साहेबांच्या नावाने उघडलं की निघतं. लावते मी त्यांना फोन. हॅलो, साहेब? हो, मीच. नाही, अजून सही झाली नाही. साहेब, त्या गृहस्थांना आपल्याकडून चुकीची वेळ गेली होती. हो. मी स्वतः ऐकलंय, त्यांच्या फोनमध्ये आहे. नाही साहेब, बनावट कसं असेल, आवाज बाईंचाच आहे. आपल्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं लागलंय, साहेब. माझं बाराचं आहे, बाईंचं चोवीसचं. हो, तुमचं कुठलं? चोवीसचंच? बरं. काय? नाही, बाईंना काढून टाकून काय होणार?

मिस्त्री : काढून टाका म्हणताहेत?

ताई : थांबा हो. नाही साहेब, तुम्हाला नाही म्हटलं. साहेब, उद्या दुसऱ्या बाई येतील, त्यांनाही तो सतराच दाखवणार. त्यांनाही काढणार का? माणसांनी शिकायला पाहिजे, मान्य. पण लोक घरी सतरा वाजता चहा पितात का हो? माझ्या आईला मी एकोणीस वाजता येते म्हटलं तर ती पोलिसात जाईल. साहेब, एक ऐका. गेल्या महिन्यात ते आजोबा आले होते ना, नातवाला भेटायला, छडीवाले? ते चारला आले. भेट दोनची होती. मी त्यांना म्हटलं, आजोबा, घड्याळ बघता येत नाही का. सगळ्यांसमोर म्हटलं मी. त्यांनी हात जोडले आणि परत गेले. साहेब, चौदा आणि चार! त्यांना फोन कुणी केला होता, सांगा? त्याही आठवड्यात बाई होत्या. मला आत्ता, या क्षणी कळतंय ते. नाही, मी रडत नाहीये. मला राग आलाय. हो, राग. तुमच्यावरही आलाय, माफ करा.

तिची आई : इकडे द्या तो फोन.

ताई : अहो…

तिची आई : द्या. नमस्कार. बिट्टीची आई बोलतेय. मी सही करत नाहीये. हो, फायदा माझाच आहे, मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे तो. नाही, त्याने मला धमकावलेलं नाही. त्याची काय बिशाद. तुम्ही असं करा, सोमवारची तारीख घ्या. आम्ही दोघं जजबाईंकडे येतो. एकत्र. दोन वर्षांत आम्ही दोघं कशावर एकत्र आलो नव्हतो, साहेब. आमच्या घरच्या मोठ्यांना जमलं नाही, वकिलांना जमलं नाही, ते तुमच्या केंद्राने करून दाखवलं. तसं तिथे सांगते मी. हो. हो, थांबते की. ताई, घ्या, तुम्हाला काहीतरी सांगायचंय त्यांना.

ताई : बोला साहेब. आत्ता? मी करू? पासवर्ड सांगा तर मग. सावकाश. सगळी लहान अक्षरं? बरं. म्हणजे सगळ्यांना एकच लावायचं. कुठलं? चोवीसचं? साहेब, पुन्हा तेच? अहो, ते लावलं तर मीही उद्या सतराला सात म्हणेन! बाराचंच लावते. हो, माझ्या जबाबदारीवर. लिहून देते. ठेवते.

मिस्त्री : काय म्हणाले शेवटी?

ताई : म्हणाले, काय घालायचा तो गोंधळ घाला. त्यांच्या भाषेत परवानगी आहे ती.

मिस्त्री : मग घाला. मी बघतो. उद्या कुणी सांगायला नको, केलं होतं म्हणून.

ताई : हे बघा, साहेबांच्या नावाने उघडलं. इथे वेळ… इथे घड्याळाची तऱ्हा… बारा तासांचं. झालं. पण हे झालं फक्त साहेबांचं. आता बाईंचं. परत त्यांच्या नावाने जायचं.

तिची आई : प्रत्येकाचं वेगळं करत बसायचं? आणि पुढच्या महिन्यात चौथं माणूस आलं तर?

ताई : तेच शोधतेय. संगणकवाल्याने मागे एकदा दाखवलं होतं… हां, इथे. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच लागू करा. इथे खूण करायची. आणि पासवर्ड टाकायच्या आधी जी पाटी दिसते, तिलाही. केलं.

मिस्त्री : परत उघडून दाखवा. बंद करून. दुरुस्ती झाल्यावर मी तीन वेळा वर-खाली जाऊन बघतो, तेव्हा कुठे माणसं बसवतो.

ताई : केलं बंद. उघडलं. बाईंचं नाव. गुरुवार. हे घ्या, आलं पाच.

तिची आई : आणि पुढे हे काय? म पूर्णविराम, नं पूर्णविराम.

ताई : म.नं.

मिस्त्री : म.नं. म्हणजे? मोबाईल नंबर?

ताई : मध्यान्हनंतर. आणि सकाळचं म.पू. मध्यान्हपूर्व.

तिची आई : मध्यान्ह! ताई, पाच म.नं. असं फोनवर वाचून दाखवतील बाई, आणि हा पाच मनं शोधत फिरेल. ते बदलता येतं का?

ताई : येतं वाटतं. चौकट आहे, आपल्याला हवं ते लिहू देते. काय लिहू? सकाळ आणि संध्याकाळ?

मिस्त्री : मग दुपारी दोनची भेट असली की संध्याकाळी दोन दाखवेल. आजोबा परत फसतील.

ताई : बरोबर आहे.

तिची आई : दुपारआधी आणि दुपारनंतर. तेवढं कुणालाही कळतं.

ताई : दुपारनंतर पाच. छान वाटतंय. आता तिघांनाही तेच दिसेल. मिस्त्री, तीनदा उघडून दाखवू?

मिस्त्री : दाखवा.

ताई : हे माझं. हे बाईंचं. हे साहेबांचं. झालं समाधान?

मिस्त्री : घड्याळाचं झालं. माझ्या नावापुढचं?

ताई : ते साहेब म्हणाले, गैरहजर काढा आणि ‘भेट रद्द’ लिहा.

मिस्त्री : रद्द? कुणी केली रद्द? मी केली? पोरीने केली? ती पत्ते मांडून बसली होती आणि भेट रद्द?

तिची आई : बरोबर बोलतोय तो. रद्द म्हणजे काय, पाऊस पडला म्हणून?

ताई : मी कुठे तसं लिहितेय? हे बघा, काय लिहिलंय वाचा.

तिची आई : ‘केंद्राने चुकीची वेळ कळवली. वडील कळवलेल्या वेळेस हजर.’ आणि साहेबांनी बघितलं तर?

ताई : बघतील तेव्हा बघतील. त्यांच्याच नावाने उघडलंय, त्यामुळे खाली नावही त्यांचंच पडलंय.

मिस्त्री : ताई, मघाशी मी जरा जास्त बोललो.

ताई : बोललात. मी तुमच्या जागी असते तर खुर्ची फेकली असती. त्या आजोबांचा नंबर शोधते आता. काय तोंडाने बोलू त्यांच्याशी?

तिची आई : तुमच्याच तोंडाने बोला. दुसरं कुणी बोललं तर त्यांना पटणार नाही.

मिस्त्री : आणि तुझं ते नवं दुकान?

तिची आई : जाणारच आहे मी. रीतसर अर्ज करणार. पहिल्या तारखेचं हुकलं तर मालकांना सांगेन, थांबा.

मिस्त्री : मी विरोध करेन.

तिची आई : कर. चांगला वकील घे, मागचा झोपायचा.

मिस्त्री : आणि ते थांबले नाहीत तर?

तिची आई : तर नाही थांबले. ते माझं मी बघेन. तुझी पुढची लिफ्ट किती वाजता आहे?

मिस्त्री : अकराला. दुपारआधी अकरा. का?

तिची आई : बिट्टीच्या शाळेची मधली सुट्टी होईल आत्ता. फाटकाजवळच्या झाडाखाली खेळतात त्या सगळ्या. चल माझ्याबरोबर. ताई, हे नियमात बसत नाही. तुम्ही ऐकलं नाही.

ताई : मी आजोबांचा नंबर शोधतेय. मला काही ऐकू येत नाही.

मिस्त्री : काय सांगितलंयस तू तिला कालचं?

तिची आई : बसमध्ये विचारत होती सारखी. मी म्हटलं, बाबाला आपल्यासाठी वेळ नाही.

मिस्त्री : मग आता मी काय बोलू तिच्याशी?

तिची आई : तू काही बोलू नकोस. मी सांगितलंय, मीच परत घेते. तू नुसता तिला दिसशील असा उभा राहा.